बाबा कसे गेले, हे मुलांना कोणी सांगायचं?

‘मॅडम, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर माझ्या यजमानांनी जीव दिला. तेव्हा दोन्ही मुलं माझ्या माहेरी होती. मुलगी आता दहावीत जाईल, मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत जाईल. मामाजींनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी दोघांना सांगितलं की बाबांना अटॅक आला. मीही तेच सांगत आले. दहाव्याला कावळा लवकर शिवला नाही, तेव्हा बायका काहीबाही बोलल्या. मुलगा तिथंच होता. तो अजून विचारतो, “आई, बाबाची कोणती इच्छा राह्यली होती?” शाळेत एका पोरानं त्याला काहीतरी म्हटलं, तर यानं त्याला मारलं. काय म्हटलं ते सांगत नाही. मुलगी काहीच विचारत नाही. फार शहाणी झाली आहे, घरचं सगळं करते, सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्जही तिनंच भरला. मामाजी म्हणतात, लेकरांच्या कानावर जाऊ देऊ नका, पोरीच्या लग्नाला अडचण येईल. सासूबाई म्हणतात, असं मरण आलं की आत्मा फिरतो. मुलगा शेतात जायला घाबरतो. मला रात्री झोप लागत नाही. मुलांना सांगू की नको? सांगितलं तर कसं सांगू? नाव-गाव छापू नका.’

ताई,

सांगा. तुम्हीच सांगा, आणि शाळा सुरू व्हायच्या आत सांगा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे तुमच्या हातात थोडे दिवस आहेत. आधी मुलीला, एकटीला. मुलाला दुसऱ्या दिवशी. मामाजींची परवानगी मागू नका, पण त्यांच्या पाठीमागेही करू नका. त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: अर्ज मुलीनं भरला. त्या अर्जाला जोडायचे मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक हे कागद ज्या पिशवीत आहेत, त्याच पिशवीत तहसीलचं पत्र, पंचनाम्याची प्रत आणि शवविच्छेदनाचा अहवालही असणार. खेड्यातल्या घरात कागदांची पिशवी बहुधा एकच असते, आणि ती पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली असते. नववी झालेल्या, चांगलं वाचता येणाऱ्या मुलीनं त्यातून चार कागद काढले आणि बाकीच्यांकडे पाहिलंच नाही, हे मला पटत नाही. बहुतेक तिला माहीत आहे. कदाचित अर्जाच्याही आधीपासून असेल. तिला माहीत आहे हे तुम्हाला कळू नये म्हणून ती गप्प आहे, आणि तिला कळू नये म्हणून तुम्ही गप्प आहात. एका घरात दोघी एकमेकींना सांभाळत आहेत, आणि दोघींनाही बोलायला माणूस नाही.

मुलाचंही तसंच. शाळेतल्या पोरानं जे म्हटलं, ते तो तुम्हाला सांगत नाही याचा अर्थ त्याला ते समजलं नाही असा नाही. समजलं आहे, निदान अर्धं. घरात ते बोलायचं नसतं हेही समजलं आहे. म्हणजे ‘सांगू की नको’ हा प्रश्न गावानं तुमच्याआधी सोडवून टाकला आहे. मुलांना ही गोष्ट कळणार का, हे आता तुमच्या हातात नाही. ती कोणाच्या तोंडून कळणार आणि त्यानंतर प्रश्न विचारायला त्यांना कोण सापडणार, एवढंच तुमच्या हातात आहे.

न सांगण्याचं नुकसान काय, तेही स्पष्ट लिहिते, कारण मामाजींना उत्तर देताना उपयोगी पडेल. मुलांना खरं मिळालं नाही की ती स्वतः काहीतरी जुळवतात, आणि त्या जुळवणीत दोष हमखास स्वतःकडे येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपल्या मनात आलेला राग किंवा आपण धरलेला हट्टही जगात काहीतरी घडवून आणतो असं वाटतं. त्यानं सायकल मागितली असेल, माहेरी निघताना बाबांशी नीट बोलला नसेल. ‘कोणती इच्छा राह्यली होती’ हा त्याचा प्रश्न मला कावळ्याबद्दलचा वाटत नाही. माझ्यामुळे काही राहिलं का, असं तो विचारतो आहे. आठ महिने विचारतो आहे.

आता मुलीशी कसं बोलायचं ते.

रात्री झोपताना नको. अशा बोलण्यानंतर माणसाला दिवस हाताशी असावा लागतो. सकाळी, कामं उरकल्यावर, सासू-सासरे घरात नसताना, तूर निवडत किंवा भाजी चिरत बोला. समोरासमोर बसवून ‘तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचं आहे’ असं केलं की या वयाची मुलं आतून दार लावून घेतात. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, तुम्हालाही.

सुरुवात सांगण्यानं करू नका. विचारण्यानं करा. ‘बाबांबद्दल तू काय काय ऐकलं आहेस? मी रागावणार नाही. जे ऐकलं असशील ते सांग.’ मग थांबा. ती ‘काही नाही’ म्हणेल. तरी थोडं थांबा. मग तुम्ही सांगा, तुमच्या बोलीत, पण आशय असा ठेवा: ‘बाबांना अटॅक आला असं आम्ही सांगितलं. ते खरं नव्हतं. बाबांनी स्वतःचा जीव घेतला. आम्हाला तुम्हाला त्रास होऊ द्यायचा नव्हता, म्हणून लपवलं. आता मला लपवायचं नाही.’

एवढंच. चार-पाच वाक्यं. त्यापुढचं तिच्या प्रश्नांवर सोडा. ती रडेल, किंवा रडणार नाही, किंवा ‘मले माहीत होतं’ म्हणेल. तसं म्हणाली तर ‘मग बोलली का नाहीस’ असं विचारू नका, त्यात आरोप येतो. ‘इतके दिवस एकटीनं सांभाळलंस’ एवढं म्हटलंत तरी तिला पुरेल.

कसं केलं, असं तिनं विचारलं तर? टाळू नका, खोटं तर मुळीच सांगू नका. एका वाक्यात खरं उत्तर द्या आणि तिथं थांबा. कुठं, कोणी आधी पाहिलं, दवाखान्यात काय काय झालं, हे वर्णन करायचं नाही. ते चित्र एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. जास्त विचारलंच तर म्हणा, ‘त्या दिवसाचं सगळं मी आत्ता सांगणार नाही, मलाही जमत नाही. पण बाबांबद्दल बाकी काहीही विचार.’ असं स्वच्छ म्हणणं लपवण्यात येत नाही. तुम्ही मर्यादा सांगून आखता आहात, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला तो फरक कळतो.

काही वाक्यं मात्र तुमच्याही तोंडून, नातेवाइकांच्याही तोंडून घरात येऊ देऊ नका. ‘सुटला बिचारा.’ ‘आता शांत झाला.’ ‘आमच्यासाठी गेला, कर्जातून आम्हाला सोडवून गेला.’ तेराव्याला आलेली माणसं हे मायेनंच बोलतात. पण ऐकणाऱ्या पोरीच्या मनात काय उतरतं? की मरण हा एक उपाय होता, आणि तो लागू पडला. तसं नाही. त्यांना त्या वेळी दुसरं काही दिसत नव्हतं. दुसरं काही नव्हतंच असं नाही. हा भेद तिला शब्दांत सांगून टाका.

तिला राग येईल. बाबांचा, आजोबांचा, तुमचाही. तुमचं आणि त्यांचं भांडण तिनं कधी ऐकलं असेल तर ती तुम्हालाच विचारेल, ‘तू बोललीस म्हणून झालं का?’ हा प्रश्न ऐकायला तुम्हाला फार जड जाईल, कारण मला वाटतं तुम्ही स्वतःला तो रोज विचारता. उत्तर असं आहे: भांडणं सगळ्या घरांत होतात. भांडणानं कोणी असं मरत नाही. कित्येक दिवस मनात काहीतरी साठत जातं, झोप उडते, जेवण सुटतं, आपण कुणाला तरी ओझं आहोत असं वाटायला लागतं, आणि माणूस ते कुणाला सांगत नाही. हा मनाचा आजार असतो, तो ओळखला तर त्यावर उपचार असतो. बाबांच्या बाबतीत तो ओळखला गेला नाही. हे तिला सांगा, आणि सांगताना स्वतःही ऐका.

तिच्या शहाणपणाबद्दल तुम्ही कौतुकानं लिहिलं आहे. मला त्याची थोडी धास्ती वाटते. वडील गेल्यावर अचानक घरचं सगळं करू लागलेली, कधी न रागावणारी, काही न मागणारी मुलगी बरी आहे असं समजू नये. पुष्कळदा ती आईवर पहारा ठेवत असते. आपण काही चुकलो तर आईही जाईल, असं तिच्या मनात असतं. म्हणून ‘आता तूच माझा आधार’, ‘तूच घरातली मोठी’ ही वाक्यं बंद करा. तिची काही कामं काढून घ्या, तिला दहावीच्या अभ्यासाला बसवा, मैत्रिणीकडे पाठवा. आणि एकदा तोंडानं सांगा: ‘मला सांभाळणं तुझं काम नाही. माझ्यासाठी माझी बहीण आहे, आई आहे.’ (किंवा जी माणसं खरोखर असतील ती. नसलेली सांगू नका.)

मुलाचं वेगळं आहे. त्याला कमी शब्द लागतील आणि पुन्हा पुन्हा लागतील. सात वर्षांच्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही हे साधारण कळलेलं असतं, पण कळलेलं आणि पटलेलं यांत अंतर असतं. म्हणून ‘देवाघरी गेले’, ‘लांब गेले’, ‘झोपले’ यांतलं काहीही वापरू नका. त्यांचं शरीर चालायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत, असं सांगा. मग: ‘बाबांना अटॅक आला नव्हता. बाबांच्या मनाला आजार झाला होता, त्यात त्यांना खूप खूप वाईट वाटत होतं, आणि त्यांनी स्वतःला मारून घेतलं. त्यात तुझी काही चूक नाही. तू काही मागितलंस, रागावलास, ऐकलं नाहीस, त्यानं हे झालं नाही.’ ‘तुझी चूक नाही’ हे त्यानं विचारलं नाही तरी म्हणा. तो ते विचारणारच नाही.

कावळ्याचंही त्याच वेळी सांगून टाका. कावळा कधी लवकर येतो, कधी उशिरा. गर्दी असली, दुसरीकडे खायला मिळालं, ऊन चढलं, तर येत नाही. बाबांची इच्छा कावळ्याला माहीत नसते. आणि मग म्हणा की बाबांच्या इच्छा तुला मी सांगते. त्यांना काय आवडायचं, तुझ्याबद्दल ते काय बोलायचे, पोळ्याला बैल सजवताना कसे तल्लीन व्हायचे. बाबा कसे गेले एवढंच आठ महिने घरात अडकून पडलं असेल, तर ते कसे होते हे मुलाला कोणी सांगितलंच नसेल.

दोन प्रश्न तो नक्की विचारेल. एक, ‘तूही मरशील का?’ ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नका, सात वर्षांच्या मुलालाही ते खोटं वाटतं. म्हणा, ‘सगळी माणसं कधीतरी मरतात, पण मला खूप वर्षं जगायचं आहे. मला बाबांसारखं वाटायला लागलं तर मी डॉक्टरकडे जाईन आणि माणसांना सांगेन. आणि काही झालंच तर तुला मामा आहे, मावशी आहे.’ दुसरा, ‘मलाही होईल का?’ हा आजार सर्दीसारखा लागत नाही, आणि तुला कधी खूप वाईट वाटलं तर तू मला सांगायचं, मी कामात असले तरी. एवढं पुरे.

हे सगळं ऐकून तो पाच मिनिटांत खेळायला पळून जाईल. वाईट वाटून घेऊ नका. लहान मुलं दुःख घोटाघोटानं पितात. दोन दिवसांनी दात घासताना तो असा प्रश्न टाकेल की तुमच्या हातातला तांब्या तिथंच राहील. तेव्हा ‘परवा सांगितलं ना’ म्हणू नका. पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांगा. उत्तर बदलत नाही ना, हे तो तपासत असतो.

आता कारणाबद्दल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण विदर्भातल्या घरांत हीच गोष्ट मुलांच्या बाबतीत सर्वांत वाईट हाताळली जाते, आणि त्यात घरच्यांचा दोष नाही.

तुमच्या घरी तलाठी आले असतील, पोलीस, कृषी विभागाचे लोक, एखादा पुढारी, एखादा वार्ताहर. सरकारची १ लाखाची मदत ज्या नियमांनी मिळते, ते २००६ चे आहेत: ३० हजार हातात, ७० हजार मासिक उत्पन्नाच्या ठेवीत. प्रकरण ‘पात्र’ ठरायला नापिकी, कर्ज, परतफेडीचा तगादा यांतून मरण आलं हे दाखवावं लागतं. त्यामुळे घरच्यांना प्रत्येक येणाऱ्यासमोर एकच कारण पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. दारूचं निघालं, आजाराचं निघालं, घरातल्या ताणाचं निघालं, तर फाईल ‘अपात्र’ व्हायची भीती. त्या ओसरीत, दाराआड, मुलं उभी असतात. त्यांच्या कानावर जातं ते एवढंच: कर्ज झालं, म्हणून बाबा मेले.

मी हे कारण खोटं आहे असं म्हणत नाही. कोरडवाहू कपाशीचा हिशेब मी तुम्हाला शिकवायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशभर शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी जीव दिल्याची नोंद आहे, त्यांतली ४,२४८ महाराष्ट्रातली, शेतकरी आणि शेतमजूर मिळून. असा आकडा मनाच्या आजारानंच होतो म्हणणारा माणूस शेतीकडे पाहतच नाही. बाजार, पाऊस, सावकार, बँक सगळं त्यात आहे, आणि मुलगी मोठी आहे, तिच्याशी हे बोलाच. तिला राग येऊ द्या, तो राग रास्त आहे.

पण मुलांना ‘कर्ज म्हणून मरण’ एवढंच दिलंत तर पुढे काय होतं बघा. आत्ता जून आहे. बियाणं, खतासाठी तुम्हाला पीक कर्ज घ्यावं लागेल, किंवा भासऱ्यांकडून, म्हणजे थोरल्या दिरांकडून, हातउसने. ज्या दिवशी तुम्ही बँकेचा कागद घेऊन घरी याल, त्या दिवशी मुलगा तुमच्याकडे कसा पाहील? आणि पंधरा वर्षांनी तो स्वतः कर्ज काढेल, तेव्हा त्याच्या डोक्यात त्याचा शेवट आधीच लिहिलेला असेल. तेव्हा मुलांना सांगताना दोन्ही सांगा. कर्ज होतं, पीक गेलं होतं, त्याचा ताण फार होता. पण गावात कर्ज जवळजवळ प्रत्येकावर आहे, आणि बहुतेक माणसं त्यातून वाट काढत जगताहेत. बाबांचं मन आजारी पडलं, म्हणून त्यांना वाट दिसली नाही. कर्जाचं काय करायचं ते मी, मामा आणि बँकेचे साहेब बघतो आहोत. मुलीला हवं तर आकडा सांगा, पासबुक दाखवा. माहीत असलेल्या आकड्यापेक्षा माहीत नसलेला आकडा जास्त छळतो. फाइलीत काय लिहिलं आहे आणि घरात आपण काय मानतो हे वेगळं असू शकतं, हेही तिला कळेल. सरकारी कागदाला एक कारण लागतं, माणूस एका कारणानं मरत नाही.

पोलीस का आले होते, हेही मुलाच्या मनात असेल. बाबांनी गुन्हा केला होता का? नाही. असं अचानक मरण आलं की पोलिसांना नोंद करावीच लागते, डॉक्टरांना तपासणी करावीच लागते, कोणाच्याही बाबतीत. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार द्यायचा, असं मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यानं सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. गावात कोणी ‘केस आहे’ म्हणून भीती घातली तर मुलीला हे माहीत असू द्या.

सासूबाईंच्या आत्म्याबद्दल मी वाद घालायला सांगणार नाही. पोटचा मुलगा गेलेल्या बाईला कुठंतरी तो अजून आहे असं वाटत असेल. पण मुलासमोर ते बोलणं थांबायला हवं, आणि हे तुम्ही सांगण्यापेक्षा सासूबाईंच्या भावानं किंवा गावातल्या एखाद्या कीर्तनकार बुवांनी सांगितलं तर चालून जाईल. मुलाला तुम्ही दिवसाढवळ्या शेतात न्या. आधी बांधापर्यंत, मग आत. बाबांनी लावलेलं एखादं झाड असेल तर त्याला पाणी घालायला लावा. जबरदस्ती नको, घाईही नको.

मामाजींकडे येते. पोरीच्या लग्नाचं ते म्हणतात, त्यात भीती खरी आहे आणि उपाय चुकीचा आहे. स्थळ आलं तर माणसं गावात चौकशी करतील, आणि गावात कोणाला माहीत नाही? लपवून जमवलेलं लग्न पुढे जास्त महागात पडतं. पण हा युक्तिवाद त्यांच्यापुढे आधी मांडू नका. त्यांचा मुलगा गेला आहे, आणि ‘अटॅक’ हा शब्द त्यांनी मुलांइतकाच स्वतःसाठीही शोधला असावा. त्यांना आदल्या दिवशी सांगा: ‘मामाजी, पोरांना बाहेरून कळायला लागलं आहे. शाळेत मारामारी झाली. मी उद्या त्यांना सांगणार आहे. तुम्ही काही बोलू नका, फक्त पोरांनी विचारलं तर नाही म्हणू नका.’ तुमचं ऐकलं नाही तर तुमचे वडील किंवा भाऊ येऊन बसतील असं बघा. या एका बाबतीत मात्र घरातल्या मोठ्यांच्या ‘नको’पुढे थांबू नका. आई तुम्ही आहात.

शाळेत वर्गशिक्षकांना आणि मुलीच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटा. सगळ्या वर्गासमोर त्याबद्दल बोलू नये, ‘बिचारा’ म्हणू नये, मारामारी झाली तर आधी कारण विचारावं, एवढं सांगा. मुलाला एक वाक्य तयार करून द्या: ‘हो, माझे बाबा वारले. मला त्यावर बोलायचं नाही.’ घरी दोनदा म्हणून घ्या. ज्याच्याकडे उत्तर असतं त्याचा हात कमी उठतो. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात पोचला आहे का याचा पाठपुरावा करा. महिन्याला प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये मिळतात, ते सोडू नका. पण यापुढचे फेरे तुम्ही किंवा तुमच्या भावानं करायचे, मुलीनं नाही.

आणखी एक. मुलीवर लक्ष ठेवा. झोप, जेवण एकदम बदललं, अभ्यास सुटला, आवडत्या वस्तू वाटायला लागली, ‘मी नसते तर बरं’, ‘बाबांकडे जावंसं वाटतं’ असं काही बोलली, तर स्वच्छ शब्दांत विचारा: ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं मुलं सुटल्यासारखं बोलतात. ‘हो’ आलं तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. शेजाऱ्याच्या किंवा भासऱ्यांच्या गोदामात, कुलपात ठेवा, आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असू द्या. हे सगळ्याच शेतकरी घरांनी करावं, तुमच्या घरानं आजच करावं. मुलांना स्वतः बोलायचं असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक दोघांनाही पाठ करून द्या.

तुमच्या झोपेचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत. आठ महिने झोप नाही, ही साधी गोष्ट नाही. मुलांशी बोलायच्या आधी तुम्ही स्वतः कोणाशी तरी बोला. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही. यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत आरोग्य विभागाचा, शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्पही आहे. तुमच्या आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांपर्यंत त्या तुम्हाला पोचवतील. मुलीशी काय बोलणार आहात ते आधी त्या समुपदेशकांसमोर एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा ते वाक्य तोंडून निघणार नाही, रडू येईल. ते तिथं होऊन जाऊ द्या. मुलांसमोर आलं तरी चालेल, आई रडते म्हणून मुलं मोडत नाहीत, पण वाक्य पूर्ण व्हायला हवं. फोन उद्याच करा, मामाजी बाहेर गेले की.